जटायूचे ऋण



प्रभू श्रीरामचंद्रांच्या चरित्रात एक प्रसंग असा आहे की, कथा ऐकताना आपले डोळे पाणावतात. परंतु त्याचा अर्थ मात्र आपण घरी नेत नाही. दशरथ महाराजांनी पुत्रवियोगाने प्राण सोडला तेव्हा राम वनात होते. पित्याच्या चितेला अग्नी देण्याचे भाग्य ह्या ज्येष्ठ पुत्राला लाभले नाही. तो विधी भरताने अयोध्येत केला आणि रामांनी मागाहून मंदाकिनीच्या तीरावर जलांजली दिली. परंतु त्याच वनवासात एका मृताला रामांनी स्वहस्ते अग्नी दिला. लक्ष्मणाकडून काष्ठे आणविली, चिता रचली, मंत्र म्हटले आणि गोदावरीवर जाऊन दोघा भावांनी उदक दिले. पुत्राने पित्यासाठी जे करावे, ते सर्व केले. तो मृत कोणी राजा नव्हता, ऋषी नव्हता, मनुष्यही नव्हता. तो एक वृद्ध गृध्र होता; आपल्या नित्याच्या भाषेत सांगायचे तर गिधाड.

माझे वडील पौरोहित्य करतात. त्यांच्याबरोबर उत्तरक्रियेला जाण्याचे प्रसंग मला लहानपणापासून आले. दहाव्या दिवशी पिंड ठेवला म्हणजे सर्व मंडळी हात जोडून कावळ्याची वाट पाहतात. एरवी ज्याला आपण खिडकीतून हुसकावतो, त्याच्या एका स्पर्शासाठी मोठमोठी माणसे दुपारपर्यंत उपाशी उभी राहतात. ते पाहताना माझ्या मनात नेहमी एक विचार येई. कावळ्याला आपण पितरांचा दूत मानतो. मग ज्या पक्ष्याला प्रत्यक्ष भगवंताने पित्याचा मान दिला, त्याचे आपण काय केले? त्याचे नाव आपण शिवीसारखे वापरतो. कोणी लोभाने एखाद्या वस्तूवर झडप घातली तर ‘गिधाडासारखा तुटून पडला’ असे म्हणतो. घराच्या छपरावर गिधाड बसले तर अशुभ मानतो. आणि आता तर असा काळ आला आहे की, छपरावर बसायला ते उरलेच नाही. आजच्या ह्या निरूपणात मी त्याच विषयाचा विचार आपणापुढे मांडणार आहे.

वाल्मीकिरामायण जरा बारकाईने वाचले तर ध्यानात येते की, स्वतः रामांनीही जटायूला दोनदा ओळखले नव्हते. पंचवटीकडे जाताना तो विशालकाय पक्षी प्रथम दिसला, तेव्हा दोघा भावांना तो राक्षस वाटला. त्याने गोड शब्दांत आपण दशरथाचे मित्र असल्याचे सांगितले आणि तुम्ही दोघे दूर गेलात तर सीतेचे रक्षण मी करीन असे वचन दिले. दुसऱ्या वेळी, सीताहरणानंतर रक्ताने माखलेला जटायू भूमीवर पडलेला दिसला, तेव्हा ह्यानेच सीतेला भक्षिले अशा समजुतीने रामांनी धनुष्याला बाण लावला. वस्तुतः ते रक्त सीतेसाठी लढताना सांडलेले त्याचे स्वतःचे रक्त होते. सत्य कळताच रामांनी धनुष्य टाकले आणि त्याला कवटाळून रुदन केले. ज्याचे बाह्य रूप भयंकर, ज्याचे भक्ष्य मृत देह, त्याच्याविषयी शंका प्रत्यक्ष मर्यादापुरुषोत्तमालाही स्पर्शून गेली. परंतु त्यांची शंका क्षणभरच टिकली. आपली मात्र पिढ्यानपिढ्या टिकून आहे.

आता ह्या पक्ष्याच्या देहाकडे आपण थोडे शास्त्रदृष्टीने पाहू. परमेश्वराने प्रत्येक जीवाला त्याच्या कर्तव्याला अनुरूप असा देह आणि देहाला अनुरूप असे निवासस्थान दिले आहे. किष्किंधाकांडात जटायूचा ज्येष्ठ बंधू संपाती वानरांना आकाशमार्गाचे थर समजावून सांगतो. धान्य टिपणारे पक्षी खालच्या मार्गाने उडतात, त्यावर कावळे आणि फळे खाणारे, त्यावर क्रौंचादी, त्यावर ससाणे, त्यावर गृध्र, त्यांच्याही वर हंस आणि सर्वांच्या वर गरुडकुळातील पक्षी. प्रत्येकाचा मार्ग वेगळा, भक्ष्य वेगळे, स्थान वेगळे. कोणी दुसऱ्याच्या मार्गात येत नाही आणि कोणाचीही जागा दुसऱ्याला भरून काढता येत नाही. आजचे प्राणिशास्त्र ह्याहून फार वेगळे सांगत नाही.

गिधाडाच्या डोक्यावर आणि मानेवर पिसे जवळजवळ नसतात. आपल्याला ते विद्रूप दिसते. परंतु ज्याला मृत जनावराच्या देहात मान घालून काम करायचे आहे, त्याच्या मानेवर दाट पिसे असती तर ती रक्तमांसाने माखून सडली असती. उघडी कातडी उन्हात वाळते आणि स्वच्छ राहते; देहाची उष्णता कमीजास्त करण्यासही तिचा उपयोग होतो. त्याचे पाय गरुडासारखे पकडीचे नाहीत. भक्ष्य जखडून मारण्याइतके बळ त्यात नाही. म्हणजे जिवंताचा प्राण घेणे हा त्याचा धर्मच नव्हे. त्याचे जठररस इतके तीव्र असतात की, ज्या मांसात काळपुळीसारख्या भयंकर रोगाचे जंतू आहेत तेही त्याच्या पोटात बहुधा जिरून जाते. थवा उतरला म्हणजे मेलेल्या बैलाचा सांगाडा तासाभराच्या आत लख्ख होतो. पोट भरले की पुढे कित्येक दिवस काही न खाता ते राहू शकते.

त्याच्या पंखांचा पसारा सुमारे ७ फूट असतो. एवढा भार पंख फडफडवीत दिवसभर वाहणे शक्य नाही. म्हणून सूर्य वर येऊन भूमी तापण्याची ते वाट पाहते. तापलेल्या भूमीवरून ऊन हवेचे प्रवाह वर चढू लागले की त्यांवर पंख पसरून ते तरंगत उंच जाते आणि तिथून कोसच्या कोस प्रदेश न्याहाळते. आपल्याकडील गिधाडे वासाने नव्हे तर दृष्टीने भक्ष्य शोधतात. एक खाली उतरले की दूरवरचे दुसरे त्याला पाहते, दुसऱ्याला तिसरे, आणि अशा रीतीने दाही दिशांतून थवा जमतो. संपातीने समुद्रतीरावरून लंकेतील जानकी पाहिली आणि रामकार्याला दिशा दिली, अशी कथा आहे. गृध्रदृष्टीचे हे सामर्थ्य आपल्या पूर्वजांनी किती नीट निरखले होते, ते ह्यावरून दिसून येते.

त्यांची घरेही वेगवेगळी असतात. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच वृक्षांवर घरटे बांधते. लांब चोचीचे गिधाड डोंगराचे कडे पसंत करते, आणि कडे नसतील तिथे उंच जुन्या वास्तू. आपल्यापैकी अनेक कुटुंबे ग्वाल्हेरहून झाशीमार्गे ओरछ्याला रामराजाच्या दर्शनास जातात. तिथे राम देव म्हणून तर पूजिले जातातच, परंतु राजा म्हणूनही त्यांना मानवंदना मिळते. दर्शन झाल्यावर बेतवेच्या काठी, ज्या नदीला पुराणांत वेत्रवती म्हटले आहे तिच्या तीरावर, बुंदेला राजांच्या छत्र्या पाहावयास आपण जातो. पुढच्या वेळी तिथे मान वर करून पाहा. त्या छत्र्यांच्या शिखरांवर, कोनाड्यांत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. रामराजाच्या नगरीत जटायूचे वंशज अद्याप पहाऱ्यावर आहेत, ह्यासारखा योग दुसरीकडे क्वचितच सापडेल.

परंतु बंधुभगिनींनो, हा पहारा आता अगदी विरळ झाला आहे. १९८० च्या सुमारास आपल्या देशात गिधाडांची संख्या कोटींनी मोजावी लागे. ४ कोटी असा अंदाज सांगितला जातो. प्रत्येक गावाबाहेर ढोरे टाकण्याच्या जागी त्यांचे थवे असत. त्यांच्याविषयी कोणाला चिंता वाटण्याचे कारणच नव्हते. पुढे १९९० नंतरच्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या पक्षी-अभयारण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश ह्यांच्या ध्यानात आले की घरटी ओस पडत आहेत. पक्षी माना खाली घालून झाडांवर बसून राहतात आणि काही दिवसांनी मरून पडतात. मग देशभर मोजदाद झाली. १९९२ ते २००७ ह्या केवळ पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एक एवढीच उरली. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची गिधाडे शंभरांत तीन उरली. पक्ष्यांच्या इतिहासात इतक्या झपाट्याने झालेल्या ऱ्हासाची उदाहरणे फार थोडी आहेत. २००० सालापासून जागतिक यादीत ह्या जातींची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ ह्या वर्गात होत आहे.

हे कोणी केले? शिकाऱ्यांनी नव्हे. गिधाडाची शिकार करून कोणाला काय मिळणार? आरंभी शास्त्रज्ञांना साथीच्या रोगाचा संशय आला, कोणाला कीटकनाशकांचा. मेलेल्या पक्ष्यांची शवचिकित्सा केली तेव्हा त्यांच्या आतड्यांवर, काळजावर खडूसारखा पांढरा थर आढळला. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे रक्तातील युरिक आम्ल तिथे साचले होते. २००४ साली पाकिस्तानातील पंजाबात काम करणाऱ्या संशोधकांनी त्याचे कारण सिद्ध करून प्रसिद्ध केले. ते कारण म्हणजे डायक्लोफिनॅक नावाचे एक औषध. माणसाच्या सांधेदुखीवर वापरले जाणारे हे वेदनाशामक स्वस्त झाले आणि १९९० नंतरच्या दशकात गाईबैलांना सर्रास टोचले जाऊ लागले. जनावर लंगडू लागले, कास सुजली, ताप आला की एक सुई. ते जनावर दोन-चार दिवसांत मेले तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राहते. ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते आणि थोड्याच दिवसांत ते मरते. गाईला ज्याने आराम पडतो, तेच गिधाडाला हालाहल ठरते.

आणि त्यासाठी सगळी मृत जनावरे दूषित असण्याचीही आवश्यकता नव्हती. शंभर कलेवरांत एकाहूनही कमी कलेवर असे असले तरी हा संहार घडू शकतो, असे गणित शास्त्रज्ञांनी मांडून दाखविले. कारण एका कलेवरावर कित्येक पक्षी जेवतात. आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, पिल्लू वयात येण्यास पाच वर्षे लागतात. चिमणीची हानी एका ऋतूत भरून येईल, गिधाडाची येणे नाही.

ह्या ठिकाणी आपण क्षणभर थांबावे अशी माझी प्रार्थना आहे. कारण ह्या कथेत रावण कोणीच नाही. ज्या शेतकऱ्याने म्हाताऱ्या गाईच्या वेदना पाहवेनात म्हणून चार पैसे मोडून सुई टोचविली, तो पापी कसा म्हणावा? ज्या गोशाळेने भाकड गाई कसायाला न देता मरेपर्यंत सांभाळल्या आणि त्यांचे दुखणे हलके केले, तिने तर पुण्यच केले. येथे हत्या क्रोधाने झाली नाही, लोभाने झाली नाही. ती दयेने झाली. म्हणूनच हा विषय धर्मचर्चेचा आहे. दया हा धर्माचा प्राण आहे ह्यात शंका नाही. परंतु एका जीवावर केलेली दया दुसऱ्या जीवापर्यंत कशी पोहोचते, हे जाणून घेण्याची तसदी न घेणारी दया आंधळी असते. दशरथाने शब्दवेधी बाण सोडला तेव्हा त्याच्या मनात श्रावणबाळाचा द्वेष नव्हता. त्याने केवळ पाहिले नाही. तरीही त्या न पाहण्याचे फळ त्याला जन्मभर भोगावे लागले. कर्माचा हिशेब नुसत्या हेतूवर होत नाही. आपण पाहू शकत होतो काय आणि पाहिले काय, हेही त्यात मोजले जाते.

ह्या न पाहण्याचे फळ आपल्या समाजाला कसे मिळाले तेही ऐका. गिधाडे गेली, पण ढोरे मरावयाची थांबली नाहीत. कलेवरे उघड्यावर सडू लागली, पाणी दूषित झाले, आणि तेथे भटक्या कुत्र्यांचे कळप पोसले गेले. कुत्र्याच्या पोटात रोगजंतू गिधाडाप्रमाणे जिरत नाहीत आणि पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे काय, हे खेड्यातील प्रत्येक कुटुंब जाणते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज केला की, १९९२ ते २००६ ह्या काळात गिधाडांच्या अभावी वाढलेल्या कुत्र्यांमुळे सुमारे ४७ हजार माणसे रेबीजने अधिक दगावली. २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी ह्याहून व्यापक हिशेब मांडला. जिथे पूर्वी गिधाडे विपुल होती आणि जिथे ती मुळातच थोडी होती, अशा जिल्ह्यांतील मृत्यूंची त्यांनी तुलना केली. त्यावरून २००० ते २००५ ह्या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक मरण पावली असा त्यांचा निष्कर्ष आहे. मुंबईच्या पारशी बांधवांपुढे तर वेगळेच संकट उभे राहिले. दोख्म्यात देह ठेवण्याची त्यांची पुरातन रीत गिधाडांवर अवलंबून. पक्षी गेले आणि अंत्यसंस्काराचीच अडचण झाली. एका पक्ष्याने आपले काम थांबविले तर मनुष्याच्या घरापर्यंत, किंबहुना त्याच्या अखेरच्या संस्कारापर्यंत काय पोहोचते, ह्याचा हा दाखला आहे.

देवळांशीही ह्या कुळाचा जुना संबंध आहे. तमिळ देशात तिरुक्कळुकुंड्रम् म्हणून शिवक्षेत्र आहे. त्या नावाचाच अर्थ ‘पवित्र गिधाडांची टेकडी’ असा होतो. तेथे माध्यान्ही पुजारी गोड भाताचा नैवेद्य घेऊन शिळेवर बसे आणि आकाशातून पांढऱ्या गिधाडांची जोडी उतरून तो नैवेद्य खात असे. ते शापित ऋषी आहेत अशी श्रद्धा होती आणि दूरदूरचे यात्रेकरू हे दर्शन घेण्यास येत. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते पक्षी येईनासे झाले. मी पुजाऱ्याचा मुलगा. म्हणून हे वाचले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार त्या पुजाऱ्याचाच आला. पहिल्या दिवशी तो नैवेद्य घेऊन बसला असेल आणि कोणी आले नसेल. दुसऱ्या दिवशीही तसेच. किती दिवसांनी त्याने ते ताट घेऊन जाणे थांबविले असेल? नाशिक जिल्ह्यात टाकेदला जटायू पडला असे आपल्याकडे मानतात आणि भाविक तेथे तीर्थस्नान करतात. तीर्थ राहिले आणि ज्याच्या नावाने तीर्थ झाले तो गेला, अशी वेळ येऊ नये.

कोणी म्हणतील, निर्माण करणारा परमेश्वर आहे. तो राखील, आपण चिंता का वाहावी? हे बोलणे वरवर भक्तीचे दिसते. परंतु शास्त्राने गृहस्थाला पाच महायज्ञ सांगितले आहेत, त्यांत देवयज्ञ, पितृयज्ञ, ब्रह्मयज्ञ, मनुष्ययज्ञ ह्यांच्या बरोबरीने भूतयज्ञ आहे. गोग्रास, काकबली, श्वानबली हे त्याचेच अंग होय. परमेश्वरच सर्व राखणार असता तर गृहस्थाच्या ताटातून हा भाग काढून ठेवण्याची आज्ञा शास्त्राने कशाला केली असती? जीवमात्राचे आपल्यावर ऋण आहे आणि ते फेडल्यावाचून जेवू नये, हा त्यातील भाव आहे. पूर्वी पानाबाहेर चित्राहुती आणि दाराबाहेर घास ठेवला की हे ऋण फिटे. आज आपले हात फार लांब झाले आहेत. एका सुईने, एका कारखान्याने आपण हजारो जीवांचे जीवन ढवळून काढतो. हात लांब झाले तर ऋणही तेवढेच वाढले आहे.

आता समाधानाची गोष्ट सांगतो. मनुष्याने पाहिले, आणि उशिरा का होईना, पाऊल मागे घेतले. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यावर बंदी घातली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांना निर्धोक असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे गाईच्या वेदना आणि गिधाडाचे प्राण ह्यांतून एकाची निवड करण्याची गरज उरली नाही. तथापि माणसांसाठी मिळणाऱ्या मोठ्या कुप्या चोरून ढोरांना वापरल्या जात. म्हणून २०१५ साली माणसांच्या औषधाची कुपी एका मात्रेची, ३ मिलिलिटरची करण्यात आली. ॲसेक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ह्या औषधांचा तोच दोष आढळल्यावर २०२३ साली त्यांवर, आणि २०२४ सालच्या अखेरीस निमेस्युलाइडवर, जनावरांपुरती बंदी आली. हरियाणात पिंजोरला गिधाडांच्या प्रजननासाठी केंद्र आहे. त्याला जटायूचेच नाव दिले आहे. भोपाळजवळ केरवा येथेही असे केंद्र आहे. आपल्या मध्य प्रदेशात २०१६ च्या गणनेत सुमारे ७ हजार गिधाडे मोजली गेली, २०२१ मध्ये ९,४४६, आणि २०२५ मध्ये १२ हजारांवर. त्यांत हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षीही असतात हे खरे. परंतु वाढ दिसते आहे, हेही खरे.

मग आपल्या मंदिराशी संबंधित कुटुंबांनी काय करावे? मी वयाने लहान आहे. वडीलधाऱ्यांना उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. केवळ विनंती करतो. आपल्यापैकी अनेकजण गोशाळांना देणगी देतात, अमावास्येला, एकादशीला गाईंना चारा घालतात. देणगी देताना एक प्रश्न विचारावा: येथे आजारी गाईला वेदनेसाठी कोणते औषध देता? मेलॉक्सिकॅम देत असतील तर आनंद मानावा. बंदी असलेले औषध देत असतील तर नम्रपणे, पण आग्रहाने ते थांबवावयास सांगावे. ज्यांच्या घरी किंवा शेतावर जनावरे आहेत त्यांनी पशुवैद्याला हेच सांगावे, आणि माणसांच्या औषधाची कुपी ढोराला टोचू देऊ नये. संशयित औषध दिलेले जनावर मेले तर त्याचे कलेवर उघड्यावर न टाकता खोल पुरावे. कुत्र्यांचा किंवा बिबळ्याचा उपद्रव झाला म्हणून कोणी कलेवरात विष घालीत असेल तर त्याला अडवावे. ते विष प्रथम गिधाडाच्याच पोटात जाते. संक्रांतीला मुलांच्या हाती नायलॉनचा मांजा देऊ नये. देवस्थानाच्या जमिनीवरील अर्जुन, वड, पिंपळ ह्यांसारखे उंच वृक्ष केवळ जागा मोकळी करण्यासाठी तोडू नयेत. आणि ओरछ्याला गेल्यावर छत्र्यांखाली फटाके, ढोलताशे, आरडाओरडा करू नये. वर कोणाचे तरी बाळ निजलेले असते.

ही कामे लहान आहेत. ह्याने काय होणार असे कोणाला वाटेल. परंतु जटायूचेच पाहा. तो वृद्ध होता, एकटा होता, आणि समोर तरुण, सशस्त्र, रथारूढ असा त्रैलोक्यविजयी रावण होता. आपण जिंकणार नाही हे त्याला कळत नव्हते असे नव्हे. त्याने आधी रावणाला धर्म सांगितला, तो न ऐकता पुढे निघाला तेव्हा युद्ध केले, त्याचे धनुष्य मोडले, रथ मोडला आणि पंख छाटले जाईपर्यंत तो हटला नाही. सीता त्याला सोडविता आली नाही. परंतु ती दक्षिणेकडे नेली गेली हे सांगण्याइतका प्राण त्याने राखून ठेवला. तेवढ्या एका वार्तेवर पुढचे सारे रामायण उभे राहिले. आपल्या आवाक्यातील काम आपल्या ठायी उभे राहून करावे. त्याचे फळ कोठे आणि कसे लागेल ते रघुनाथ जाणे.

जटायूने सीतेच्या रक्षणाचे वचन दिले आणि प्राण देऊन ते पाळले. रामांनी त्याच्या देहाला अग्नी देऊन पुत्राचे कर्तव्य केले. आपण रामाचे म्हणविणारे. तेव्हा रामांनी ज्याला पिता मानले तो नात्याने आपला कोण लागतो, ह्याचा विचार प्रत्येकाने आपल्या देवघरासमोर बसून करावा. पुढच्या रामनवमीला कीर्तनात जटायूचा प्रसंग येईल आणि एखादे मूल विचारील, ‘बाबा, गिधाड कसे असते?’ तेव्हा चित्र न दाखविता, त्याचा हात धरून, वेत्रवतीच्या काठी नेऊन, आकाशाकडे बोट दाखविता यावे, एवढीच प्रभूचरणी प्रार्थना.

श्रीरामार्पणमस्तु.